सव्वासहा फुटांची गाडी, साडेचार सेकंदांची धाव

ऊसतोडीचा गाडीवान गाडीत मोळ्या नुसत्या रचत नाही, तोलतो. भार मागे जास्त गेला की गाडी उलाळ होते. जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं आणि चढावर बैलांना जोर लावायला काही उरत नाही. भार पुढे जास्त गेला की तेच जू मानेवर दाबतं. या दोन्हींच्या मधली जागा कुठल्या काट्यावर सापडत नाही. एखादी मोळी वीतभर पुढे सारायची, जू हाताने उचलून बघायचं, पुन्हा सारायची. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून साखर कारखान्यांच्या वाटेला लागणाऱ्या टायरगाड्या याच अदमासावर चालतात. नगद नारायण महाराजांच्या नारायणगडाला ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. त्याच्या पंचक्रोशीत हा अदमास इतका अंगवळणी पडलेला आहे की त्याला कुणी विद्या म्हणत नाही.

अमेरिकेत मात्र याच विद्येपायी गॅरेजांमध्ये रात्री जागवल्या जातात. तिथे एक गाडी उलाळ होऊ नये म्हणून शिशाचे चपटे तुकडे ग्रॅमच्या हिशेबाने पुढेमागे चिकटवले जातात. गाडी आखापासून आखापर्यंत सव्वासहा फूट, वजन सोळा-साडेसोळा किलो. आत बसायला जागा नाही. चालवणारा हातात रेडिओचा खटका घेऊन मागे उभा. तिचं काम एकच, उभ्या जागेवरून सुटायचं, शंभर मीटर सरळ पळायचं आणि थांबायचं. वळण नाही, दुसरी फेरी नाही. पाच सेकंदांच्या आत सगळं आटोपतं, आणि तेवढ्यासाठी बांधणाऱ्याचे कैक महिने खर्ची पडलेले असतात.

ही रेडिओवर चालणारी, मोठ्या मापाची ड्रॅग कार. ड्रॅग शर्यत म्हणजे दोन गाड्या शेजारीशेजारी, समोर सरळ पट्टी, आणि पलीकडे आधी पोचेल त्याची सरशी.

माप समजून घ्यायला हवं, कारण गंमत मापातच आहे. टॉप फ्युएल या सर्वांत वरच्या वर्गातल्या खऱ्या ड्रॅगस्टरच्या पुढच्या आणि मागच्या आखांत ३०० इंचांचं, म्हणजे पंचवीस फुटांचं अंतर असतं. पाव मापात ते होतं ७५ इंच. खरी गाडी चालकासकट सुमारे १,०५० किलो भरते. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही पावपट झाल्या की वजन चौथा नव्हे, चौसष्टावा हिस्सा उरतं, म्हणून साडेसोळा किलो. शर्यतीचं रूढ अंतर पाव मैल, म्हणजे १,३२० फूट. त्याचा पाव हिस्सा ३३० फूट, शंभर मीटरपेक्षा अर्धा मीटर जास्त. हौशी लोकांत जास्त चलती आहे ती एक-दशांश मापाच्या गाड्यांची. त्या १३२ फूट धावतात आणि चांगली गाडी दोन सेकंदांच्या आत पार होते. त्यांचे सुटे भाग डब्यात भरून दुकानात मिळतात. पाव मापाची गाडी मात्र बहुतेक वेळा स्वतःच बांधावी लागते.

या खेळाची अमेरिकेतली मुख्य संघटना, नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये स्थापन केली. सुरुवातीच्या दशकांत इंजिन पुढे आणि चालक त्याच्या मागे, मागच्या आखाच्याही पलीकडे बसलेला असे. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स या नामांकित शर्यतपटूच्या गाडीचा गिअरबॉक्स सुटतानाच फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. इस्पितळात पडल्यापडल्या त्याने इंजिन चालकाच्या पाठीमागे टाकलेल्या गाडीचा विचार मांडला आणि १९७१ मध्ये ती पळवून दाखवली. काही वर्षांत पुढे इंजिन असलेले ड्रॅगस्टर या वर्गातून दिसेनासे झाले. २००८ मध्ये स्कॉट कलिटा या शर्यतपटूचा पात्रता फेरीत मृत्यू झाल्यावर वरच्या वर्गांचं अंतर १,३२० फुटांवरून १,००० फुटांवर आणलं गेलं. आजच्या टॉप फ्युएल इंजिनाची ताकद ११,००० अश्वशक्तीच्या आसपास धरली जाते. या खेळात पाडलेला प्रत्येक नवा पायंडा कुणाच्या तरी हाडांवरून गेलेला आहे. रेडिओवरच्या गाडीत माणूस बसत नाही, हा तिचा पहिला मोठेपणा.

दूरवरून यंत्र हलवण्याची कल्पना तशी जुनी. जगदीशचंद्र बसूंनी १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये तारेवाचून लहरी पाठवून दूरची घंटा वाजवली आणि बारूद पेटवली. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओने बोट चालवून दाखवली, तेव्हा आत शिकवलेलं माकड बसवलंय की काय, अशी कुजबूज झाली म्हणे. रेडिओवर पळणारी मोटार १९६६ मध्ये इटलीच्या एल-जी या कंपनीने विकायला काढली, तीही फेरारीच्या रूपात. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ आणली आणि हा छंद घराघरांत शिरला. त्या काळच्या संचांत २७ मेगाहर्ट्झचे स्फटिक असत. दोघांचा स्फटिक एकच निघाला की एकाने खटका दाबायचा आणि दुसऱ्याची गाडी पळायची! आताचे संच २.४ गिगाहर्ट्झवर सतत लहरी बदलत बोलतात आणि एकमेकांच्या पायात येत नाहीत. भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. गाडी चालवायला दिल्लीहून कागद आणावा लागत नाही तो त्यामुळे.

समजा, आज नारायणगडाच्या पायथ्याशी कुणी अशी गाडी बांधायला घेतली. सुरुवात कुठून करायची?

नवखा माणूस इंजिनापासून करतो आणि तिथेच फसतो. पत्री ठोकलेला बैल ओल्या डांबरावर घसरतो तेव्हा त्याची ताकद संपलेली नसते, पायाखालची पकड संपलेली असते. गाडीचंही तसंच. सगळं वजन मागच्या चाकांवर आहे आणि रबराची पकड वजनाइतकीच जोर देते असं धरलं, तर गाडी जास्तीत जास्त गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाने वेग घेऊ शकते. या हिशेबाने शंभर मीटरला साडेचार सेकंद लागतात आणि शेवटी वेग येतो ताशी १६०. आता मोटर दुप्पट ताकदीची बसवा. काय होईल? काही नाही. चाक जागेवर गरगरेल, धूर निघेल, वेळ तीच राहील किंवा वाढेल. उलट पकड दुप्पट केली तर तेच अंतर ३.२ सेकंदांत संपतं आणि वेग ताशी २२५ च्या पुढे जातो. या गाडीवर खर्च होणाऱ्या डोक्याचा मोठा वाटा म्हणूनच टायरवर खर्च होतो.

एकपट पकडीला किती ताकद लागते, तेही काढून बघण्यासारखं आहे. सोळा किलो वजन, ताशी १६० चा वेग आणि ते त्वरण यांचा गुणाकार सात किलोवॉटच्या आत-बाहेर येतो, म्हणजे नऊ-सव्वानऊ अश्वशक्ती. गावात दूध घालायला फिरणाऱ्या मोटारसायकलीची ताकद याहून फारशी कमी नसते. फरक इतकाच, की ती दीडशे-दोनशे किलोंचा बोजा ओढते आणि ही सोळा किलोंचा.

पेट्रोलचं इंजिन हवं असेल तर ओळखीचं सापडतं. मोठ्या मापाच्या रेडिओ-गाड्यांत वर्षानुवर्षं जपानी झेनोआचं २५-२६ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन बसवलं गेलं, आणि त्याचं कूळ गवत कापायच्या यंत्राचं. शेतात खांद्याला अडकवून चालवायचं ब्रश कटर ज्याने उघडून पाहिलंय, त्याला हे इंजिन नव्याने शिकवायला नको. तेच पेट्रोलमध्ये ऑइल घालणं, दोरी ओढून सुरू करणं आणि फेरे वाढले की बाहेर फाकून पकडणारा तोच क्लच. पण ते देतं जेमतेम दोन-तीन अश्वशक्ती. सातत्याने तासभर राबायला उत्तम, साडेचार सेकंदांत जीव तोडायला अपुरं. विजेच्या मोटरला शून्य फेऱ्यांपासून पूर्ण जोर असतो, म्हणून वेगाच्या मागे लागलेले बहुतेक जण आता विजेकडे वळले आहेत. अमेरिकेच्या निक केसने २०१४ मध्ये युटा राज्यात विजेवरच्या ‘आरसी बुलेट’ या गाडीला ताशी ३२५.१२ किलोमीटरवर नेलं आणि गिनेसमध्ये नोंद करवली. ती गाडी ड्रॅगची नव्हती. लांब धावपट्टीवर वेग वाढवत नेणारी होती. पण तिच्याने एक शंका कायमची फिटली: बॅटरीत दम असतो.

बॅटरी लिथियम पॉलिमरची. एका घराचे ३.७ व्होल्ट, अशी बारा घरं एकापुढे एक जोडली की ४४.४ व्होल्ट. सात किलोवॉटला त्यातून दीडशेच्या वर अँपिअर ओढावे लागतात. घरातला मिक्सर तीन-साडेतीन अँपिअरवर चटणी वाटतो, यावरून तारांच्या जाडीचा अंदाज करावा. गंमत अशी, की एवढा आटापिटा करून एका धावेत गाडीच्या अंगात जी ऊर्जा उतरते ती साडेचार वॉट-तासांच्या आत असते. मोबाइल पावभर चार्ज करायला तेवढीच लागते. साठा थोडा, पण तो एका झटक्यात ओतता आला पाहिजे. इथेच स्वस्त बॅटरी फुगते, आणि फुगलेली बॅटरी पेट घेते. जाणते लोक ती मातीच्या कुंडीत नाहीतर फरशीवर ठेवून चार्ज करतात, अंथरुणाजवळ कधीच नाही.

गिअरचं गणित शाळकरी आहे. मागचं चाक पाव मापात नऊ इंच व्यासाचं, घेर ७२ सेंटिमीटर. ताशी १५० ला ते मिनिटाला सुमारे साडेतीन हजार फेरे घेतं. ८०० केव्हीची मोटर, म्हणजे व्होल्टमागे ८०० फेरे देणारी, ४४ व्होल्टवर भाराखाली तीसेक हजारांवर फिरते. तीस हजारांचे साडेतीन हजार करायला साडेआठास एक अशी दात्यांची जोडी हवी. एका टप्प्यात ती साधली तर मोठं चक्र चाकाएवढं होऊन जमिनीला घासेल, म्हणून दोन टप्पे. पहिला दात्यांचा, दुसरा साखळीचा किंवा पट्ट्याचा.

सांगाड्यापाशी आल्यावर गाव आणि गॅरेज जवळ येतात. खऱ्या ड्रॅगस्टरचा सांगाडा क्रोमोली पोलादाच्या नळ्यांचा असतो आणि तो मुद्दाम थोडा लवचीक ठेवतात. सुटताना मधोमध धनुष्यासारखा वाकतो आणि मागच्या चाकांवरचा दाब राखतो. पाव मापात नळीची भिंत मिलिमीटरभर. उसाच्या ट्रॉलीचे अँगल जोडणारा वेल्डर पहिल्याच टाक्याला या नळीला भोक पाडेल, आणि त्यात त्याची चूक नाही, आर्क वेल्डिंगचा तो स्वभाव. इथे गॅसच्या ज्योतीवर पितळ वितळवून जोड भरणारा कारागीर लागतो. जुन्या सायकलींच्या फ्रेम अशाच जोडलेल्या असत. शिवाय तापलेली नळी गार होताना ज्या बाजूला पितळ आहे त्या बाजूला ओढली जाते. सव्वासहा फुटांवर दोन मिलिमीटरचा बाक डोळ्याला दिसत नाही, रस्त्याला दिसतो. त्यामुळे आधी सपाट पोलादी पाट, त्यावर नळ्या जखडायच्या, सगळीकडे नुसते टाके मारायचे, मग डावा-उजवा आलटूनपालटून जोड भरायचे. हे काम ज्याच्या हातात धीर आहे त्याचं.

आणि मग उलाळ. गाडी पुढे झेपावते तेव्हा तिचा गुरुत्वमध्य जितका उंच आणि मागच्या आखाच्या जितका जवळ, तितकं नाक लवकर उचलतं. नाक उचललं की पुढची चाकं हवेत, आणि हवेतल्या चाकांनी गाडी वळवता येत नाही. गुरुत्वमध्य जमिनीपासून दहा सेंटिमीटरवर आणि आखाच्या वीस सेंटिमीटर पुढे असेल, तर गुरुत्वाच्या दुप्पट त्वरणाला नाक सुटतं. तोच चाळीस सेंटिमीटर पुढे नेला की चौपटीपर्यंत गाडी बसून राहते. ड्रॅगस्टर एवढा लांबलचक, सुतासारखा का असतो, याचं हे उत्तर. पण भार फार पुढे नेला तर मागच्या चाकांची पकड जाते आणि सगळं मुसळ केरात. म्हणून मोळी वीतभर पुढे, वीतभर मागे. तरीही नाक उचललंच तर आधार म्हणून मागे दोन लांब काड्या आणि त्यांच्या टोकाला लहान चणीची चाकं बसवतात. इंग्रजीत या जोडणीला व्हीली बार म्हणतात. गाडीवान तिला टेकू म्हणेल आणि बरोबरच म्हणेल.

टायर फोमचे असतात, रिमवर चिकटवून लेथवर घासून गोल केलेले. मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा आख सरळ आणि ठोस ठेवतात, म्हणजे दोघं एकाच फेऱ्यात फिरतात. आता नऊ इंचांत एका टायरचा व्यास दुसऱ्याहून एक मिलिमीटर मोठा राहिला असं धरा. चाकांमधलं अंतर चाळीस सेंटिमीटर असेल, तर गाडी आपल्या मनाने नव्वद मीटर त्रिज्येच्या गोलात वळू पाहते. शंभर मीटर सरळ जायचंय आणि जोडीतला एक बैल आत ओढतोय! टायर घासणारे लोक कॅलिपर खिशात ठेवून जेवायला बसतात ते उगाच नाही.

रस्त्याला पकड देण्याचेही प्रकार आहेत. मोठ्या शर्यतीत पट्टीवर चिकट राळेचं मिश्रण फवारतात. रेडिओ-गाड्यांच्या जगात त्याहून साधी रीत आहे: डांबरी पार्किंगवर साखरेचं पाणी शिंपडायचं आणि वाळू द्यायचं. वर पापुद्र्यासारखा चिकट थर बसतो आणि टायर त्याला धरतो. बीडच्या हातांनी तोडलेल्या उसाची साखर अशी डांबरावर ओतलेली पाहिली तर नारायणगडाच्या पंचक्रोशीतला माणूस काय म्हणेल, ते छापण्याजोगं नसावं. काही शर्यतींत हे सगळं वर्ज्य असतं. रस्ता आहे तसा, फक्त टायरला हाताने औषध चोळायचं. अशा शर्यतीला ‘नो प्रेप’ म्हणतात आणि हल्ली तिचीच चलती आहे.

वरचं कवच पॉलीकार्बोनेटच्या पत्र्याचं. तापवून साच्यावर ओढलेलं, आतून रंगवलेलं, म्हणजे खरचटलं तरी रंग जात नाही. रंगाबद्दल अधिक लिहिण्यात अर्थ नाही. तो ज्याच्या त्याच्या हौसेचा मामला.

यापेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं ते नजरेआड असलेल्या तीन वस्तूंकडे. एक जायरो. ताशी १६० ला गाडी एक अंशाने तिरकी झाली तर शंभर मीटरवर पावणेदोन मीटर बाजूला पोचते आणि माणसाच्या बोटाला हे कळेपर्यंत नऊ मीटर गेलेले असतात. जायरो ते आधीच ओळखून पुढची चाकं सावरतो. दुसरी, रेडिओ तुटला तर काय करायचं याची रिसीव्हरला दिलेली शिकवण: मोटर बंद, ब्रेक चालू. ही शिकवण दर धावेआधी तपासायची असते, गाडी ठोकळ्यांवर उचलून आणि हातातला संच मुद्दाम बंद करून. तिसरी पॅराशूट. सर्व्हो नावाच्या छोट्या मोटरने पिन ओढली की मागची पुडी उघडते. छत्रीचं नायलॉनचं कापड इथे कामाला येतं.

थांबण्याचा हिशेब लोक विसरतात. ज्या पकडीवर गाडी शंभर मीटरांत वेग घेते त्याच पकडीवर तिला थांबायला आणखी शंभर मीटर हवेत, तेही ब्रेक चारही चाकांना असतील तर. ताशी १६० ने सुटलेल्या सोळा किलोंच्या अंगात जी ऊर्जा असते ती ताशी १४० ने टाकलेल्या १३० क्रिकेट चेंडूंएवढी. एकशे तीस. त्यामुळे सार्वजनिक रस्ता हा पर्यायच नव्हे, आणि पट्टीच्या टोकाला उभं राहून मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांना आधी हाकलावं लागतं.

बालाघाटाच्या चढउतारात अशी अडीचशे मीटर सपाट, सरळ आणि वाहतुकीविना डांबरी जागा शोधणं हे गाडी बांधण्याइतकंच जिकिरीचं. १२ ऑक्टोबर २०२४ च्या दसऱ्याला मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांचा मेळावा नारायणगडावर झाला. त्या मेळाव्याला पुरलेलं मैदान विस्ताराने हवं तेवढं, पण मातीचं. मातीत फोमचा टायर धूळ उडवेल, गाडी जागेवरून हलणार नाही. महाराष्ट्रात माणसं बसलेल्या गाड्यांच्या ड्रॅग शर्यती लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झाल्या त्या याच कारणाने. विमानाला लागतं तसलं सपाट डांबर दुसरीकडे सहजी मिळत नाही.

सामान जुळवणं तितकं अवघड राहिलेलं नाही. वायरी, कनेक्टर, छोट्या सर्किटांसाठी पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड. दात्यांची चक्रं आणि आखासाठी छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज भागातले लेथ. तिथे १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या शेडमधून मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बोलणारी कारागीर पिढी तयार झाली. मोटर आणि वेग-नियंत्रक मात्र बाहेरून आणावे लागतात आणि इथे सरकारी गोंधळ आड येतो. खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं. जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्हही सक्तीचं झालं. दीडशे अँपिअर पिणारी आणि गुडघा फोडू शकणारी वस्तू खेळणं कशी, हा प्रश्न कस्टमच्या खिडकीपाशी विनोदी राहत नाही.

पण महाराष्ट्रातल्या माणसाला हातच्या सामानातून वाहन उभं करणं नवं नाही. यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे इथे, दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीप बनवली. खर्च साठेक हजार, सुरू करायला मोटारसायकलीसारखी किक. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि नियमांत न बसणारी ती गाडी घेऊन बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्या महिन्यात बोलेरो लोहारांच्या दारात आली. कॅप्टन अमोल यादव यांनी तर कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात मांडलं आणि पुढे वर्षभर खेटे घालून २०१७ मध्ये त्याची नोंदणी करून घेतली. या दोघांना जो ताप झाला तो यंत्राचा कमी आणि कागदांचा जास्त. रेडिओ-गाडीला रस्त्यावर यायचंच नसल्याने पासिंगची कटकट नाही. हाही तिचा एक मोठेपणाच.

सरळ पट्टीवर सेकंदाच्या भागांत जोडी मोजण्याची चटक मराठी मुलखाला मुळातच आहे. विदर्भात तिला शंकरपट म्हणतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट त्यात नावाजलेला. पश्चिम महाराष्ट्रात बैलगाडा. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर पुन्हा मोकळ्या केल्या आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने त्यांना मान्यता कायम केली. बैलाला टोचायचं नाही, शॉक द्यायचा नाही, ही त्या परवानगीची मुख्य अट. रेडिओ-गाडीला शॉकच द्यायचा असतो आणि तिची हरकत नसते.

शर्यतीच्या दिवशी पट्टीच्या तोंडाशी दिव्यांचा खांब असतो. मोठ्या खेळात तो १९६३ मध्ये आला आणि त्याच्या रंगांवरून ‘ख्रिसमस ट्री’ म्हणवू लागला. पिवळे दिवे लागतात, मग हिरवा. हिरव्याच्या आधी चाक हललं की लाल दिवा आणि बाद. इथे दोन घड्याळं चालतात. एक हिरव्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ मोजतं, दुसरं गाडी हलल्यापासून टोकाला पोचेपर्यंतचा. त्यामुळे कमी वेळात धावलेली गाडीही हरू शकते, जर तिच्या मालकाचा अंगठा झोपलेला असेल तर. पहिले काही फूट सगळ्यात जास्त बघितले जातात, कारण पकड तिथेच ठरते. एकदा गाडी सुटली की पुढचं बहुतेक ठरलेलं असतं.

नव्या गाडीची पहिली धाव पूर्ण ताकदीने कधी घेत नाहीत. वेग-नियंत्रकात जोर चाळीस टक्क्यांवर बांधतात, टेकूची चाकं जमिनीपासून बोटभर उंच ठेवतात, गाडी वीस-पंचवीस मीटर जाऊ देतात आणि सोडून देतात. मग गाडीकडे कुणी जात नाही. सगळे वाकून रस्त्याकडे बघतात. डांबरावर टायरने ओढलेले दोन काळे पट्टे असतात, कच्च्या रस्त्यावरच्या बैलगाडीच्या चाकोरीसारखे. दोन्ही सारखे गडद असले तर टायर जुळलेत. मध्येच पुसट होऊन पुन्हा उमटले तर नाक उचलून परत बसलं, मोळी पुढे सारायला हवी. डावा पट्टा उजव्यापेक्षा दीड हात लांब निघाला की कुणीतरी खिशातून कॅलिपर काढतो, गाडी ठोकळ्यांवर चढते आणि डावा टायर सुटायला लागतो.